तिसऱ्या मजल्यावरचं पाणी

आमच्या रानात घेतलेला बोअर कोरडा गेला, आणि त्याच दिवशी दुपारी जेवायला बसेपर्यंत तो माझ्यामुळे गेला असं घरात ठरून गेलं होतं.

पाटसजवळचं हे माझं सासर. मी आणि नवरा दोघंही सणसवाडीला कंपनीत कामाला, तिथेच लहान लेकीसह खोली करून राहणारे. सुट्टी मिळाली की गावी यायचं, रानातलं बघायचं आणि परत जायचं. विहीर उन्हाळ्यात तळ दाखवायला लागली होती, ऊस वाळत होता, म्हणून बोअर घ्यायचं ठरलं. जागा दाखवायला सासऱ्यांनी माझ्याच वडिलांना बोलावलं, कारण माझे वडील, म्हणजे आबा, पाणाडी. तळहातावर नारळ आडवा ठेवून ते रानातून सावकाश चालायचे. चालता चालता एखाद्या ठिकाणी तो आपोआप उभा राहायचा. तिथे खाली पाणी.

जागा दाखवायला ते आले त्या दिवशी मला पाळी आली होती. सासरी त्या दिवसांत मी स्वयंपाकघरात जायचं नाही, त्यामुळे ती गोष्ट कुणापासून लपलेली नव्हती. आबा बऱ्याच दिवसांनी आले होते, म्हणून मी बांधावर उभी राहून लांबूनच त्यांना बघत होते. एवढंच केलं होतं मी.

पुढे मशीन आलं. त्याच्यावरची पोरं आपसात तमिळ बोलायची आणि आमच्याशी मोडकं हिंदी. सकाळभर नुसती पांढरी धूळ उडत राहिली, उसाच्या पानांवर पिठासारखी बसली. शेवटी त्यांच्यातला एकजण डोळे चोळत सासऱ्यांना म्हणाला, "अण्णा, पानी नहीं. खाली पावडर."

घरी आल्यावर सासूबाईंनी भाकरी वाढता वाढता सांगितलं, "लागंल कुठनं पाणी? हिला अडचण हुती आन् ही बांधावं हुबी हुती. म्या सवताच्या डोळ्यानं बघितलंय."

सासऱ्यांनी लगेच आबांना फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "पाव्हणं, बोअर फेल गेला. घरात अशी अशी अडचण हुती म्हणत्यात. तसं असतंय का?"

 मग आबांचा आवाज आला. "असतंय तसं कवा कवा. बाईमाणूस जवळ असलं म्हंजी नारळ फसवतो."

त्यांना ठाऊक होतं की ते बाईमाणूस कोण आहे.

मी ताटावरून उठले नाही. पुढ्यातली भाकरी संपवली आणि म्हटलं, "आत्या, बांधावर नुसती उभी राहून जमिनीच्या पोटातलं पाणी मी हलवलं असेल, तर पावसाळ्यात मला नदीकाठी नेऊन उभी करा. भीमेचा पूर तरी मागे सरकेल."

कुणी हसलं नाही. नवरा खाली मान घालून डाळ कालवत राहिला.

मला सासूबाईंचा एवढा राग आला नव्हता. त्या लहानपणापासून तेच ऐकत आलेल्या. राग आला होता आबांचा.

आम्ही धनगर. आजोबांनी मेंढरं राखली, आबांनी मेंढरं विकून तळेगाव ढमढेऱ्याच्या अलीकडे जमीन धरली आणि शेतकरी झाले. ते पायाळू जन्मलेले, म्हणून त्यांना जमिनीतलं पाणी दिसतं, असं सगळेजण म्हणायचे. भीमेच्या अलीकडची-पलीकडची माणसं मोटारसायकल घेऊन दारात यायची आणि त्यांना मागे बसवून न्यायची. जवळपास जायचं असेल तर मी नारळाची पिशवी धरून बरोबर जायचे. नारळ हातावर उभा राहिला की माझ्या अंगावर काटा यायचा. आपल्या आबांना जमिनीच्या आतलं दिसतं, हे मी शाळेत छाती फुगवून सांगायचे.

पाणी लागलं की लोक त्यांच्या पाया पडायचे. नाही लागलं तर काहीतरी कारण निघायचंच. कुणीतरी चप्पल घालून आलं होतं, कुणीतरी मध्येच हसलं होतं. नारळाची शेंडी विस्कटलेली होती, किंवा शेजारच्या घरात बाळंतीण होती. ही कारणं मी लहानपणी विद्येचाच भाग म्हणून ऐकली. एक दिवस त्या कारणात आपण जाऊन बसू, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

कंपनीत मी क्वालिटीला आहे. मशीनवरून आलेला नग गेजमध्ये घालून बघायचा. बसला तर पास, नाही बसला तर रिजेक्ट. जुने ऑपरेटर सुरुवातीला माझ्यावर चिडायचे. "मॅडम, तुम्ही शाळेत होता तेव्हापासून आम्ही ह्या मशीनवर आहे," असं म्हणायचे. मी म्हणायचे, "असाल. पण हे गेजला सांगा." त्या कामाने मला एक सवय लावली. नग कुठे चुकीचा धरायचा, हे मोजण्याच्या आधी ठरवायचं असतं. मोजून झाल्यावर कारणं शोधायला लागलं की कुठलाच नग रिजेक्ट होत नाही.

त्या रविवारी सणसवाडीला परत आले, तेव्हा येताना बाजारातून एक नारळ घेतला. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर. बाहेरच्या लांब गॅलरीत मी आबांसारखा नारळ तळहातावर ठेवला आणि चालायला लागले. शेजारची बिहारची बाई मिरच्या वाळत घालत होती. ती म्हणाली, "दीदी, ये कौन सी पूजा है?"

मी उत्तर देणार तेवढ्यात नारळ हलला. आधी थोडा डळमळला, मग शेंडी वर करून सरळ उभा राहिला. मी काही केलं नव्हतं. निदान मला तरी तसंच वाटत होतं. तळहातात काहीतरी जिवंत आल्यासारखं झालं आणि मी नारळ घट्ट धरून तिथेच खाली बसले. लहानपणीचा तोच काटा अंगावर आला होता.

थोडी शांत झाल्यावर परत उठले. जिथे उभा राहिला होता तिथे खडूने खूण केली आणि डोळे मिटून परत चालले. आता तो दुसरीकडेच उभा राहिला. परत चालले, तर तिसरीकडे. शेजारणीला पाणी शोधायची ही रीत सांगून तिच्या हातावर ठेवला, तर तिच्याही हातावर उभा राहिला. ती आधी किंचाळली आणि मग हसत म्हणाली, "हमारे गाँव में लकड़ी से करते हैं."

तिसऱ्या मजल्यावर, सिमेंटच्या स्लॅबवर कुठलं आलं पाणी? गोल वस्तू सपाट हातावर ठेवून चाललं की हात तिला सावरत राहतो, आणि सावरता सावरता तोच तिला फिरवतो. आपल्याला ते कळत नाही. म्हणजे आबा खोटारडे नव्हते. त्यांना नारळ खरोखरच उभा राहिल्यासारखा वाटायचा. हे समजल्यावर माझा राग थोडा उतरला आणि लगेच परत चढला. ज्याची त्यांना कधी खात्री करून बघावीशी वाटली नाही, त्याच्या जिवावर त्यांनी माझ्यावर दोष ठेवला होता.

पुढच्या महिन्यात सासऱ्यांनी दुसरी जागा बघायला आबांना परत बोलावलं. सासूबाईंनी नवऱ्याला फोनवर सांगितलं, "ह्या टायमाला तिला आणू नको." नवऱ्याने मला ते जसंच्या तसं सांगितलं आणि विचारलं, "काय करायचं?"

"मी जाणार आहे," मी म्हटलं. "तुम्ही येताय का, एवढं सांगा."

तो आला.

सकाळी मारुतीच्या देवळापुढच्या मंडपात माणसं बसली होती. सासरे, आबा, गल्लीतली चार मोठी माणसं आणि गावचे माजी सरपंच. सासूबाई दोन बायकांबरोबर पायरीजवळ उभ्या होत्या. मी सरळ मंडपात गेले आणि आबांच्या समोर बसले.

"आबा, एक विचारायचंय. नारळ कशावर उभा राहतो?"

"पाण्यावं," ते म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

"तुमचे डोळे बांधले तर पाणी जागा बदलेल का?"

"न्हाई. पाणी कशाला बदलतंय?"

"मग डोळे बांधून चाला. नारळ प्रत्येक वेळी एकाच जागी उभा राहिला, तर मी सगळ्यांसमोर आत्यांच्या पाया पडते आणि पुन्हा कधी ह्या विषयावर तोंड उघडत नाही."

माजी सरपंच मध्ये पडले. "बाई, देवाची परीक्षा घेती का तू?"

"देवाची नाही. नारळाची."

"आन् बापाची परीक्षा घ्यायची रीत हाय का आपल्यात?"

"बापाने लेकीवर दोष टाकायची रीत आहे का?"

 सासरे घसा खाकरून म्हणाले, "पोरी, तुझ्या आबांनी दाखवल्याल्या जागंवं किती बोअर लागल्यात, म्हाईत हाय का तुला?"

"मामा, ह्या पट्ट्यात कुणालाही न विचारता घेतलेले किती लागलेत, ते तुम्हाला माहीत आहे का? कुणी मोजलंच नाही. लागलेले लक्षात राहिले. कोरडे गेले त्यांची कारणं लक्षात राहिली."

"सगळ्याच गोष्टी मोजून कळत न्हाईत," सरपंच म्हणाले.

"खरंय," मी म्हटलं. "पण ही कळते."

सरपंच आणखी काहीतरी बोलणार होते, पण आबा उठले. खांद्यावरचं उपरणं काढून त्यांनी माझ्या नवऱ्याच्या हातात दिलं. "बांधा डोळं. मला भ्याव न्हाई कशाचं."

मी म्हटलं, "आबा, आज कुठली अडचण आहे का? चप्पल, सावली, कुणाचं हसणं? जे असेल ते आत्ताच सांगा. नंतर सांगायचं नाही."

आता ते माझ्याकडे बघत होते. लहानपणी पिशवी हातातून पडली की बघायचे तसेच. "तू लांब जा," ते म्हणाले.

"जाते."

सगळे रानात गेले आणि मी डांबरी सडकेवर जाऊन थांबले. उसाचा एक ट्रक लांबून हॉर्न वाजवत गेला. तिथून रान दिसत होतं, पण बोलणं काही ऐकू येत नव्हतं. आधी आबा उघड्या डोळ्यांनी चालले. उंबराच्या झाडाजवळ थांबले. नवऱ्याने तिथे पांढरी फक्की टाकली. मग डोळे बांधले, त्यांना जागच्या जागी फिरवलं आणि चालायला लावलं. ते नांगरटीत ठेचकाळत चालत होते आणि नवरा शेजारून जात होता. थांबले ते पार विहिरीच्या बाजूला. फक्की पडली. परत फिरवलं, परत चालले. आता बांधालगत. मग भर रानाच्या मध्ये.

आबांनी उपरणं सोडलं आणि त्या पांढऱ्या ठिपक्यांकडे बघत उभे राहिले. कुणीतरी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तो त्यांनी झटकला. आणि मग त्यांनी स्वतःच उपरणं परत डोळ्यांवर बांधलं.

ते मला बघवेना. पळत जाऊन म्हणावंसं वाटलं, आबा, राहू द्या, जिंकलात तुम्ही. पण मी पाय हलवला नाही. मी गेले असते तर मध्ये बाई आली म्हणून सगळं मोडलं असतं, आणि ही वेळ पुन्हा आली नसती. ते तसेच उन्हात चालत राहिले आणि ठिपके वाढत गेले. शेवटी त्यांनी नारळ खाली ठेवला आणि हात करून मला बोलावलं.

मी पोचले तेव्हा माजी सरपंच समजावत होते, "पाव्हणं, डोळं बांधल्यावं इद्या कशी चालंल? डोळं पायजेतच की त्याला."

"गप बसा," आबा म्हणाले. "इद्या माझी हाय. मला बोलू द्या." मग ते सासूबाईंकडे वळले. "इहिणबाई, आज ही सडकंवं हुती. तरी नारळ फिरला. म्हंजी त्या दिवशी पण हिच्यामुळं फिरला न्हवता. म्या फोनवं बोललो ते माघारी घेतो. तुमी बी घ्या."

सासूबाईंनी पदर सावरला. घेतलं म्हणाल्या नाहीत, घेत नाही असंही म्हणाल्या नाहीत.

मी विचारलं, "आणि नारळाचं काय, आबा?"

त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "नारळाचं मला म्हाईत न्हाई."

माझ्या वडिलांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. नवरा त्यांना पाटसच्या एसटी थांब्यावर सोडून आला. 

दुसरा बोअर सासऱ्यांनी विजेच्या खांबाजवळ घेतला, म्हणजे केबल कमी लागेल. त्याला पाणी लागलं, फार नाही, पण उसाला पुरेल एवढं. लगेच गावात सुरू झालं, "बघा, पाणाड्याच्या फक्कीपासून चार पावलांवर लागलं की!" सगळं रान ठिपक्यांनी भरलेलं, कुठेही खणलं असतं तरी एखादी फक्की चार पावलांवर निघालीच असती. हे मी मंडपात सांगितलं, हळदी-कुंकवात सांगितलं, पिठाच्या गिरणीत रांगेत उभी राहून सांगितलं. काहीजण हसले. काहींनी मान हलवली आणि मी वळल्यावर परत तेच बोलायला लागले. मी अजूनही सांगते. ऐकून ऐकून कंटाळतील, पण मी कंटाळणार नाही.

घरात मात्र एक गोष्ट मी विचारून केली नाही. पुढच्या पाळीत गावी गेले तेव्हा सकाळी सरळ स्वयंपाकघरात शिरले आणि परात पुढे ओढली. सासूबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

"अंघूळ केली का?"

"केली."

"मंग पीठ मळ. हुबी काय राहिलीस?"

देवघराचा दरवाजा त्या दिवसांत त्या अजून माझ्यासाठी लोटून घेतात. मी तो उघडते. त्या परत लोटतात. आमच्यात हे असं चालू आहे आणि त्यावरून एकदा कडाक्याचं भांडणही झालं आहे. त्यांना जे मानायचं ते त्यांनी मानावं, पण माझ्या शरीराला विटाळ म्हणायचं असेल तर तोंडावर म्हणावं आणि माझं उत्तर ऐकून घ्यावं, असं मी त्यांना त्या भांडणात सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं, हेही खरं आहे.

आबा माझ्याशी बरेच महिने बोलले नाहीत. आई फोन उचलायची आणि मागून त्यांचा खोकला ऐकू यायचा. पाणी दाखवायचं त्यांनी सोडलं नाही. पण आता जायच्या आधीच ते सांगतात, "लागंल का न्हाई, ते मला सांगता यायचं न्हाई. बघा बाबा." ज्यांना खात्री देणारा पाणाडी हवा असतो ते दुसरीकडे जातात. रानात कुणी बायकांना लांब व्हायला सांगितलं, तर आबा नारळ पिशवीत ठेवून परत निघतात, असं माझा भाऊ म्हणाला.

मग दिवाळीला मी माहेरी गेले. घराच्या मागे आमच्या बिरोबाचं छोटं ठाणं आहे. तिथे मी नेहमीप्रमाणे हात जोडले, तर मागून आवाज आला, "ह्याची घेतली का परीक्षा?"

वळून बघितलं तर आबा. इतक्या महिन्यांनी त्यांनी विचारलं ते हे.

"नाही," मी म्हटलं.

"मंग हात का जोडतीस?"

 "सवय," म्हटलं.

"माझा नारळ पण सवयच हाय. माझी तेवढी चवाट्यावं मांडलीस."

"तुमच्या सवयीने माझ्यावर आळ आला होता, आबा."

"व्हय. ते म्या माघारी घेतलं. आता तू तुझं सांग. बिरोबा ऐकतो का न्हाई?"

आम्ही ठाण्याच्या ओट्यावर बसून दुपारभर वाद घातला. देव असेल तर त्याला नवस कशाला लागतात, नसेल तर मनात भीती का येते, भीती म्हणजे पुरावा का, मेंढरं लांडग्यापासून कोण वाचवत होतं, देव का कुत्री. आई दोनदा येऊन गेली. तिसऱ्यांदा म्हणाली, "तुमी दोघं आधी जेवा. बिरोबा कुठं पळून चाललाय?"

त्यांनी विचारलेलं मला टाळता येईना. मग मी हात जोडणं बंद करून बघितलं. नंतरच्या दिवसांत चांगलं-वाईट जसं आधी व्हायचं तसंच होत राहिलं. लेकीला ताप चढला तेव्हा मन फार ओढ घेत होतं, हे मी नाकारत नाही. तिला दवाखान्यात नेलं, शेजारी बसून राहिले, हात तिच्या कपाळावर ठेवले. ती बरी झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, माझा नवस पावला. मी म्हटलं, "आत्या, सलाईनपण लावलं होतं." त्या म्हणाल्या, "मंग दोन्ही." ते मी त्या दिवशी तेवढ्यावर सोडलं.

परवा आबांचा फोन आला होता, बिरोबाच्या जत्रेचं सांगायला. मी त्यांना म्हटलं, "आबा, मी आता हात जोडत नाही. बघितलं करून. काही फरक पडला नाही."

ते म्हणाले, "मंग जत्रंला यायचं न्हाई का?"

"येणार की. भंडारा उधळणार, ढोल ऐकणार, सगळ्यांबरोबर जेवणार. फक्त मागणार काही नाही."

"आन् भावकीतलं कुणी इचारलं, हात का जोडत न्हाई म्हणून?"

"तर सांगणार."

"सांग," आबा म्हणाले. "पण जरा मोठ्यानं सांग. मला पण ऐकायचंय, आन् हल्ली ढोलापुढं मला ऐकू येत न्हाई."